स्मृतिचित्रांच्या लक्ष्मीबाई टिळक

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे आपल्या मंडळात कोणालाही म्हटले, तर बहुतेक जणींचे उत्तर ठरलेले असते. आम्हाला कुठे लिहिता येते, आम्ही काय शिकलेल्या आहोत, आणि आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे घडले आहे तरी काय! या तिन्ही सबबी मीही पुष्कळदा सांगितल्या आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पण मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची नावे घेताना ज्या पुस्तकाचे नाव जाणकार मंडळी अगदी आधी घेतात, ते लिहिणाऱ्या बाईला एवढेही शिक्षण मिळाले नव्हते. ते पुस्तक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ आणि ती बाई म्हणजे कै. लक्ष्मीबाई टिळक. आपल्या मंडळाच्या वाढदिवशी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे मनात आले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, 1857 च्या धामधुमीत इंग्रज सरकारने फाशी दिले. या घटनेचा धक्का मनूच्या वडिलांनी असा काही घेतला, की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. आपल्याकडे सोवळे पुष्कळ घरांतून होते, पण या घरातले सोवळे काही निराळेच! बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू बाटलेली, म्हणून ती धुतलीच पाहिजे. धान्य धुतले तर एक वेळ समजू. येथे मीठ आणि साखरसुद्धा पाण्यातून निघत असे. मीठ धुतल्यावर उरायचे काय, हे आपणा गृहिणींना वेगळे सांगायला नको. घरातल्या बायकामुलांनी कशाला शिवावे आणि कशाला शिवू नये, याचा जाच दिवसभर चाले. अशा घरात मुलीला पाटीपेन्सिल मिळण्याची गोष्टच नको.

वयाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे 1880 साली, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व तिची लक्ष्मी झाली. नारायणराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. हेच पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले रेव्हरंड टिळक. सासू आधीच वारलेल्या, सासरे कडक स्वभावाचे, आणि नवरा मोठा बुद्धिमान, मोठ्या मनाचा, पण संसाराच्या दृष्टीने अगदीच बेभरवशाचा. आज येथे, तर उद्या तेथे. मनात आले की उठावे आणि चालू लागावे. घरी सांगून जाण्याचीही आठवण राहत नसे. हाती पैसा आला, की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे. सामान आणायला बाजारात जावे आणि भलतीच वस्तू घेऊन परत यावे. नोकरी लागे, सुटे, पुन्हा लागे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे फिरत राहिली. पहिली मुले लहानपणीच गेली. 1891 साली दत्तूचा, म्हणजे देवदत्ताचा, जन्म झाला आणि हा मुलगा आईच्या पदरात राहिला.

या काळात बायकोला लिहायवाचायला शिकवण्याचा टिळकांनी प्रयत्न केला. स्वतः उत्तम वक्ते, संस्कृतचे जाणकार आणि कवी. अशा माणसाला बाराखडी गिरवून घेण्याइतका धीर कोठून असणार? शिकवता शिकवता भांडण होई आणि शिकवणी तेथेच थांबे. तरीही त्या भांडणांतून लक्ष्मीबाई जोडाक्षरे लावून वाचू लागल्या. मास्तर, शाळा, परीक्षा यांतले काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. कवितेची गोडी मात्र घरातच होती. नवरा रात्रंदिवस कविता करी आणि त्या कानांवर पडत. ऐकता ऐकता त्यांच्याही मनात ओळी जुळू लागल्या.

पुढे आगगाडीच्या एका प्रवासात टिळकांना एक गोरे मिशनरी गृहस्थ भेटले व त्यांनी बायबल वाचायला दिले. टिळक वाचू लागले. जातिभेदाबद्दल त्यांच्या मनात आधीपासूनच खळबळ होती. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

आजच्या मुलींना या गोष्टीचा अर्थ चटकन कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. 1895 साली चित्पावन ब्राह्मण घरातल्या पुरुषाने ख्रिस्ती होणे म्हणजे घरादाराच्या दृष्टीने तो मेल्यासारखाच होता. पण बायकोची स्थिती त्याहून कठीण. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, आणि तरीही नवऱ्याच्या घरचे पाणी प्यायची सोय नाही. विधवा झाली असती तर निदान काय करायचे ते रूढीने ठरवून दिलेले होते. या अवस्थेला तर नावच नव्हते. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि दत्तू चार वर्षांचा. बातमी कळल्यावर दुःखाने त्यांना वेड लागायची पाळी आली. नातेवाइकांनी त्यांना पंढरपुरास नेले आणि नंतरची काही वर्षे त्या पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. या दिवसांत पतिपत्नींची पत्रे चालत, आणि पत्रांतून कविताही येतजात असत. जे कोणाजवळ बोलता येत नव्हते, ते लक्ष्मीबाईंनी पद्यात सांगितले.

लक्ष्मीबाईंनी या वेळी काय केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. नवरा जाईल तिकडे मुकाट्याने जावे, किंवा नवऱ्याचे नाव टाकून माहेरच्या आसऱ्याला आयुष्य काढावे. त्यांनी यांतली एकही वाट धरली नाही. नवऱ्यावरचे प्रेम सोडले नाही आणि स्वतःचा धर्मही सोडला नाही. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला राहायला गेल्या, त्या आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू! टिळकांनीही त्यांना जबरदस्ती केली नाही. माणूस बेभरवशाचा असला तरी मनाने मोठा होता.

याच काळात लक्ष्मीबाईंचे स्वतःचे विचार सुरू झाले. अमक्याच्या हातचे पाणी चालते आणि तमक्याच्या हातचे चालत नाही, हे कोणी ठरवले? देवाने ठरवले असेल, तर त्याने माणसांच्या अंगावर तशी खूण का केली नाही? ज्या बाईचे बालपण धुतलेल्या मिठासाखरेत गेले, तिला हा प्रश्न पुस्तकातून पडला नाही. रोजच्या चुलीपाशी, रोजच्या घागरीपाशी पडला. जातिभेद हा माणसाने केलेला आहे असे मनाने एकदा घेतल्यावर त्या मागे हटल्या नाहीत. कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. त्यानंतर, 1900 च्या सुमारास, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवरा गेल्यावर पाच वर्षांनी, आणि स्वतःची खात्री पटल्यावर.

धर्म बदलण्याची गोष्ट आपल्यापैकी काही जणींना रुचणार नाही, हे मला माहीत आहे. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. त्याविषयी मी येथे काही म्हणत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की इतका मोठा निर्णय त्या काळी एका बाईने स्वतः विचार करून, स्वतःला पाहिजे तितका वेळ घेऊन केला. आज शिकल्यासवरल्या घरांतूनही बायकांना असा वेळ कोणी देत नाही, आणि आपणही तो मागत नाही.

यापुढचा नगर, राहुरी इकडचा त्यांचा संसार म्हणजे एक मोठे गोकुळच होते. दुष्काळाने पोरकी झालेली मुले, कोणी शिकायला आलेली, कोणी आश्रयाला आलेली, सगळ्या जातींची मुले त्या घरात एका पंक्तीला जेवत. पैसा तर पूर्वीसारखाच टिकत नसे. एवढ्या तोंडांना दोन वेळा घालायचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंचे. प्लेगची साथ आली, माणसे घरे सोडून पळू लागली, तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्यांच्या सावलीला उभे राहू नये असे लहानपणी शिकवले, त्यांच्या उशापायथ्याशी त्या बसल्या.

बालकवी ठोंबरे यांच्या निसर्गाच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या आहेत. हे बालकवीसुद्धा काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. स्वभावाने ते हट्टी, रुसणारे, पुन्हा चटकन हसणारे. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. ‘स्मृतिचित्रां’त त्यांच्या आठवणी आल्या आहेत. तेथे मोठा कवी दिसत नाही. घरात वावरणारा, रागावणारा, लाड करून घेणारा मुलगा दिसतो. कवीवर अभ्यास करून लिहिलेल्या पुस्तकांत हे सापडायचे नाही, कारण ते पाहायला घरात वावरणारी बाईच लागते.

दुसऱ्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईला वारले. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार संपला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. आपल्याकडे पन्नाशीच्या विधवेने जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसावे अशी अपेक्षा असते. लक्ष्मीबाईंचे लेखनाचे खरे काम येथून पुढे झाले, हे पाहून मला तरी फार नवल वाटले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील महाकाव्य लिहायला घेतले होते. त्याचे थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. एवढ्या विद्वान कवीचे अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे कोणी? ज्या बायकोला त्यांनी भांडत भांडत बाराखडी शिकवली होती, तिनेच ते हाती घेतले. लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घातली. संसारात नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे पुरी करण्याची सवय त्यांना होतीच. हे त्यांतलेच एक, फक्त फार मोठे. त्यांच्या सुट्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाला.

‘स्मृतिचित्रे’ कशी लिहिली गेली, तेही ऐकण्यासारखे आहे. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. म्हणजे लक्ष्मीबाई लिहायला बसल्या त्या स्वतःविषयी लिहायला नव्हे; नवऱ्याच्या चरित्राला सामग्री पुरवायला. पण लिहिता लिहिता ती सामग्री राहिली नाही. जलालपूरचे घर आले, धुतलेली साखर आली, भांडणे आली, उपाशी काढलेले दिवस आले, आणि मनू गोखले नावाची मुलगी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. ‘संजीवनी’ नियतकालिकातून या आठवणी क्रमाने येऊ लागल्या. पुस्तकाचे चार भाग 1934 ते 1937 या काळात निघाले. चौथा भाग हातावेगळा होण्यापूर्वीच, 24 फेब्रुवारी 1936 रोजी, लक्ष्मीबाई नाशिकला निवर्तल्या. राहिलेले काम देवदत्तांनी केले.

त्यांच्या आधी आपल्याकडे बायकांनी लिहिले नव्हते असे नाही. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना खडसावून जाब विचारला होता. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले, आणि तेही फार सुंदर आहे. परंतु रमाबाईंनी न्यायमूर्तींकडे खालून वर पाहिले. त्यांच्या पुस्तकात पती देवाच्या जागी आहेत आणि पत्नी त्यांच्या पायांशी. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. टिळकांचा मोठेपणा त्या मनापासून सांगतात, आणि त्यांचा विक्षिप्तपणाही तितक्याच मनापासून सांगतात. ते रागावले ते सांगतात. आपण रागावलो, रुसलो, फसलो, फजिती झाली, तेही सांगतात. स्वतःची कीव कोठेच नाही. ज्या प्रसंगी आपण पदराने डोळे पुसू, त्या प्रसंगी त्या हसतात आणि आपल्यालाही हसवतात. नवऱ्याची पूजाही नाही आणि नवऱ्याविरुद्ध फिर्यादही नाही, असे बाईचे लिखाण त्या काळी लोकांना नवीन होते. नवरा आणि बायको ही दोन सारख्या उंचीची माणसे आहेत, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवून दिले.

आणि हे सगळे त्यांनी लिहिले कोणत्या भाषेत? तर आपण ओट्यापाशी, ओसरीवर, पाणवठ्यावर बोलतो त्या भाषेत. मोठे शब्द नाहीत, अलंकार नाहीत. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्या काळी पुस्तकी भाषा फार जड असे. अशा वेळी एका अल्पशिक्षित बाईने आपली घरातली बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि मोठमोठे साहित्यिक तिला मान देऊ लागले. बायकांची भाषा म्हणून जिला कमी लेखत होते, तीच मराठी भाषा आहे, हे या पुस्तकाने सिद्ध केले असे मला वाटते.

1950 साली जोसेफीन इंकस्टर यांनी या पुस्तकाचे इंग्रजीत भाषांतर केले. त्याला जे इंग्रजी नाव दिले, त्याचा अर्थ मी पाठोपाठ जाते, असा होतो. हे नाव मला पुरते पटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या पाठोपाठ गेल्या हे खरे, पण वाटेत पाच वर्षे थांबून, वाट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून गेल्या. आणि टिळक थांबले तेथून त्या आणखी सतरा वर्षे पुढे चालल्या. 2017 साली शांता गोखले यांनी केलेले दुसरे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यामुळे जलालपूरच्या मनूची गोष्ट आज जगात कोठेही वाचता येते.

लक्ष्मीबाईंचे आयुष्य वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहते. मुलाने आठवणी लिहून मागितल्या नसत्या, तर हे पुस्तक झालेच नसते. त्या तशाच गेल्या असत्या. घरच्यांना आठवल्या असत्या, नातवंडांपर्यंत दोनचार गोष्टी पोहोचल्या असत्या, आणि मग संपले असते. अशा किती जणी गेल्या असतील, याचा हिशोब कोणापाशी नाही. आपल्याच गल्लीत नव्वदी ओलांडलेल्या आज्या आहेत. त्यांनी काय काय पाहिले आणि काय काय सोसले, ते आपण कधी विचारलेले नाही. दुपारी निवडणे-टिपणे चालते तेव्हा त्या बोलतात आणि आपण हूं हूं म्हणतो, एवढेच.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाच्या दोन प्रती मंडळाच्या कपाटात असाव्यात. श्रावणात किंवा चातुर्मासात आपण पोथी लावतो, तसेच या पुस्तकाचे थोडे थोडे वाचन दर बुधवारी सर्वांनी मिळून करावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे. आणि त्याच बैठकीत एक कोरी वही फिरवावी. तिच्यात प्रत्येकीने, किंवा प्रत्येकीच्या सासूने, आजीने सांगितलेले तिच्या नातीने, आपल्या आयुष्यातले एकेक पान लिहावे. ऱ्हस्वदीर्घ चुकले तरी चालेल. लक्ष्मीबाईंचेही चुकत असे.

अशा या थोर स्त्रीच्या स्मृतीला आपल्या मंडळातर्फे माझे विनम्र अभिवादन.